दुखण्याला इंग्रजीत काय म्हणतात

"सोअर म्हणजे दुखरा... हेडएकमधलं ‘एक’ म्हणजे दुखणं... पेन म्हणजेही दुखणंच..."

परळच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा पुढ्यात घेऊन सुचित्रा पुटपुटत होती. शेजारच्या टेबलावरचा तरुण हसला, आणि लगेच ओशाळला.

"सॉरी. पण तिन्ही सारखे नाहीत. दिवसभर उभं राहून तुमचे पाय दुखतात ना, ते हेडएकमधलं ‘एक’. आणि आत्ता हा चहा हातावर सांडला, तर ते पेन."

"आणि अनोळखी माणूस मध्येच बोलला तर?"

"ते दुखणं नव्हे. तो न्यूसन्स."

तिला हसू आवरलं नाही. त्याचं नाव सिद्धांत. तो गिरगावचा, सिनेमांची इंग्रजी सबटायटल्स लिहायचा. त्याची आई, वासंतीकाकू, बाथरूममध्ये घसरून पडली होती आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर, सुचित्रा नर्स होती त्याच वॉर्डात होती. घरात ती दोघंच.

सुचित्रा लालबागची, मसाल्याच्या गल्लीतली. तिला नर्स म्हणून आयर्लंडला जायचं होतं, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. लिहिणं जमायचं. बोलायची वेळ आली, की शब्द घशातच अडकायचे.

"मी शिकवू?" त्याने विचारलं, आणि तिने हो म्हणायला जरासुद्धा वेळ लावला नाही. त्याचं तिलाच नवल वाटलं.

काकू घरी गेल्या तरी शिकवणी चालूच राहिली. तिची ड्यूटी सुटली, की हॉस्पिटलसमोरच्या उडप्याकडे दोघं बसत. तो पेशंट व्हायचा आणि कण्हायचा. ती इंग्रजीतून विचारायची, कुठे दुखतंय, कसं दुखतंय. बारीक दुखत असेल तर डल, ठसठसत असेल तर थ्रॉबिंग, चमक आली तर स्टॅबिंग. मराठीतले शब्द मात्र ती त्याला पुरवायची. कळ, ठणका, सल... एकेक शब्द तो चॉकलेट चघळावं तसा जिभेवर घोळवायचा. तो असा ऐकत असला, की ती मुद्दाम सावकाश बोलायची.

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा आवडण्याचे शब्द निघाले. लाइक, फाँड, अडोर. त्याने वाक्य करायला सांगितलं. तिने सांगितलं, की तिला इथली कॉफी फार आवडते, तिथे फाँड बसलं. मग कपाकडे बघत तिने विचारलं, "माणसाबद्दल चालतं?"

"चालतं. पण जपून. म्हाताऱ्या मावशीबद्दलही फाँडच म्हणतात."

"आणि मावशी नसेल तर?"

तो काहीतरी बोलणार होता... पण वेटर बिल घेऊन आला, आणि त्याने पुढचा धडा काढला. कान मात्र लाल झाले होते.

परीक्षा आली. समोरच्या परीक्षक बाई पेशंटचा अभिनय करत होत्या. सुचित्राला सगळं येत होतं. शब्द ओठांवर रांगेत उभे होते. आणि तेवढ्यात मनात आलं – आज पास झाले, तर उद्यापासून उडप्याकडे जायला कारण काय? एवढंच. ती अडखळली. मग अडखळतच राहिली.

निकाल नापासाचा आला. ती पडलेल्या चेहऱ्याने, पण आतून हलकी होऊन त्याच्यासमोर बसली. आता पुन्हा सुरुवातीपासून शिकू, असं तो म्हणेल, या आशेने.

सिद्धांतने कप बाजूला सारला. मग म्हणाला, चूक त्याचीच. तो काही शिक्षक नव्हे. तिच्या आयुष्याशी त्याने खेळायला नको होतं. दादरला एक चांगला क्लास होता, तिथल्या मॅडमशी तो निकाल कळल्याबरोबर बोलून आला होता.

"आणि तू?"

"मी मध्ये नको, सुचित्रा. मी समोर असलो की तुझं अभ्यासात लक्ष राहत नाही. माझंही नाही."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तिला लाज वाटली. तिने मान हलवली, आणि दादरच्या क्लासला जाऊ लागली. तिने मेसेज केले, की तो नीट, थोडक्यात उत्तर द्यायचा. पुढे तीही लिहीनाशी झाली. दुसऱ्या खेपेला ती उत्तम मार्कांनी पास झाली. नेमणुकीचं पत्र आलं, व्हिसा आला. आईने गल्लीत पेढे वाटले. "माझा चेडू विमानात बसतला गो," असं लेकीचं कौतुक ती ज्याला त्याला मालवणीत सांगत सुटली.

निघायच्या आदल्या आठवड्यात सुचित्रा पेढे घेऊन गिरगावात गेली. काकू काठी घेऊन दारापर्यंत चालत आल्या, तिचा हात धरून बसल्या. म्हणाल्या, तुमची शिकवणी थांबली आणि हा घरात बोलायचा थांबला.

तो तिला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आला. चालता चालता तिने सगळं सांगून टाकलं. परीक्षेतलं मुद्दाम अडखळणं, आणि ते कशासाठी, तेही.

सिद्धांत जागच्या जागी उभा राहिला.

"मला वाटलं, मीच तुला मागे ओढतोय. म्हणून बाजूला झालो."

"मला वाटलं, तुला सुटल्यासारखं झालं."

"रोज त्या उडप्यासमोरून जात होतो... वेड्यासारखा."

तिने विचारलं, तिकडे येशील? त्याने मागे वळून घराच्या दिशेने पाहिलं. काकूंना जिना उतरवत नव्हता. तिने पुन्हा विचारलं नाही.

"मी तुला जाऊ नको म्हणालो तर?" तो हळूच म्हणाला.

"म्हणून बघ."

लालबागची बस आली. तिने ती जाऊ दिली. ती का जाऊ दिली, ते त्याला कळलं होतं; त्याचे ओठ हललेही. समोरच्या दुकानात कोणीतरी शटर अर्ध्यावर ओढलं. सिद्धांत तिच्याकडे पाहत राहिला, डोळे भरेपर्यंत.

मग वळणावर लालबागची दुसरी बस दिसली, आणि सिद्धांतने पुढे होऊन स्वतःच ती थांबवायला हात केला.