गेनबाच्या विहिरीवरचं इंजिन

वेल्ह्याच्या बाजारात सावळारामाची फटफटी उभी असली, की लांबूनच ओळखू यायची. पासष्टच्या लढाईत त्याचा गुडघा कायमचा आखडला होता. पाय वाकतच नव्हता. पलटणीत मोटारी दुरुस्त करून हात मात्र बसलेला. गावी परतल्यावर त्यानं भंगारातली एक लष्करी फटफटी उचलली, तिची चौकट कापून लांबवली, पुढचे दांडे हातभर वाढवले, बैठक पार खाली आणली आणि आखडलेला पाय सरळ पुढं सोडता येईल अशी सोय केली. गिअर टाकायला हाताशी दांडा बसवला. पोरं तिला नाकतोडा म्हणायची. सावळाराम हसायचा.

श्रावणात बांधावर गवत कापताना त्याच्या बायकोला, सगुणाबाईला, पिसाळलेला कुत्रा मनगटाला चावला. भोरला डॉक्टरांनी मनगट धुऊन सांगितलं, पोटात चौदा सुया, रोज एक.

"एकही चुकवू नका. रोग एकदा उमटला, की मग औषध नाही."

पावसानं रस्त्यावरची मोरी वाहून गेल्यामुळं एसटी बंद होती. भोरात ना नातं ना गोतं, आणि घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. म्हणजे रोज जायचं आणि रोज परत यायचं. मोरीच्या जागी टाकलेल्या फळ्यांवरून नाकतोडा ढकलत न्यायचा, पलीकडं सगुणाबाईला मागं बसवायचं आणि गुंजवणीच्या काठानं निघायचं.

निम्म्या सुया झाल्या आणि एका दुपारी परतीच्या चढावर इंजिन किंचाळलं नि जागच्या जागी जाम झालं. बैलगाडीत घालून गाडी घरी आणली. उघडून बघतो तर पिस्टनचे तुकडे. पुण्याहून सामान यायला आठवडा लागला असता. सुई तर उद्याच होती.

सगळ्या गावात दुसरं इंजिन एकच होतं, गेनबाच्या विहिरीवरचं. रॉकेलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. गेल्या सालच्या चैत्रात गेनबा पंपाच्या नळीत अडकलेला गाळ काढायला विहिरीत उतरला, तो वर आलाच नाही. गावानं तेच इंजिन लावून विहीर उपसली. इंजिन तापून बंद पडेपर्यंत उपसली, पण झरे दांडगे. पाणी वीतभर हललं नाही. गेनबाचं प्रेतही तरंगून वर आलं नाही.

सावळारामाच्या आळीतल्या कुणी त्या विहिरीत कधी पोहरा सोडला नव्हता. त्यांना मुभाच नव्हती. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. भामाबाई, गेनबाची बायको, ओसरीवर तांदूळ निवडत होती. कपाळावर कुंकू ठसठशीत. मढं दिसल्याशिवाय पुसणार नाही, असं तिनं गावाला सांगून टाकलं होतं.

"वैनी, इंजिन पायजे. सगुणेसाठी."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"न्या की. आता कशाचा इटाळ नि कशाचं काय." मग ती हळूच म्हणाली, "पर भाऊ... त्याचं काम अर्धंच ऱ्हायलंय बरं का."

दुःखानं बाई भ्रमल्यासारखी बोलतेय, असं त्याला वाटलं.

गाडीचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा होता, हे नशीब. त्यानं चौकटीत लोखंडी पट्ट्या ठोकल्या, त्यांवर ते इंजिन बसवलं, जुन्या इंजिनाचं दातेरी चक्र काढून याच्या दांड्यावर चढवलं, साखळी जुळवली. उजाडताना दोरी गुंडाळून एक हिसका दिला. वर्षभर गंजत पडलेलं इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. इतक्या सहजी, की त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली.

विंझरच्या पुढं सगुणाबाईनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अवो... माझं लुगडं भिजतंय खालनं."

त्यानं गाडी थांबवून वळून पाहिलं. सायलेन्सरमधून धुराच्या जागी पाणी येत होतं. हाताच्या करंगळीएवढी धार. त्यानं हात लावला. बर्फासारखं गार, शेवाळ्याचा वास. ते इंजिन वाऱ्यावर गार होणारं. त्यात पाण्याला जागाच नव्हती. त्यानं टाकी पाहिली. त्यात रॉकेलच होतं.

"काय झालं?"

"काय न्हाई. बस तू नीट."

दुसरं करणार तरी काय? सुई चुकवायची नव्हती.

रोज धार जाड होत गेली. मोकळ्या सपाट रस्त्यावरही इंजिन ओझं ओढल्यासारखं कण्हायचं. मग एका संध्याकाळी शेजारचा चिमाजी दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"सावळ्या, गेनबाची हीर पायलीस का? खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. हितं पाऊस मावंना, आन् हीर उतरतीया..."



त्याच संध्याकाळी सगुणाबाईनं पाण्याचा तांब्या हातानं लोटून दिला.

"नको. त्यात कुनीतरी हाय."

पलटणीतला एक गडी कुत्रा चावून असाच गेला होता; पाणी दिसलं की किंकाळी फोडायचा. सावळारामानं तिचा जबडा धरून पाणी पाजायचा प्रयत्न केला, विनवण्या केल्या, शेवटी तांब्या भिंतीवर आपटला आणि लहान पोरासारखा रडला. ती नुसती बघत होती.

सकाळी त्यानं धोतरानं तिला आपल्या कमरेशी घट्ट बांधलं आणि गाडी सोडली. मागं रस्त्यावर पाण्याचा पाट लागला होता. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. भोरला डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, घसा पाहिला, पेला भरून पाणी पुढं केलं. सगुणाबाई घटाघटा प्यायली. आणखी मागितलं.

"हिला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच जरा झोप घ्या."

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "मग घरचं का पीत न्हाईस?"

"हे पानी रिकामं हाय," ती म्हणाली.

त्या दिवसाची सुई शेवटची होती. सगुणाबाई त्या रोगातून सुटली, पुढं नातवंडं खेळवून म्हातारपणानं गेली. पण त्या दिवशी परत येताना, गाव नजरेच्या टप्प्यात आलं आणि सायलेन्सरची धार तुटली. चिखल आला. मग वाळू आली. इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. सावळारामानं दोरी ओढून पाहिली. आतलं काही हललं नाही.

विहिरीवर गाव जमलं होतं. पाऊस कोसळत होता आणि विहीर कोरडी ठणठणीत. झऱ्यांची तोंडं काळी, सुकलेली. तळाशी काहीतरी पडलं होतं. खाली उतरायला कुणी पुढं होईना. चिमाजीसुद्धा मागं सरला.

भामाबाई सावळारामाकडं वळली. मग म्हणाली, "भाऊ, तुमीच आनलं त्याला हितवर."

त्यानं दोर कमरेला बांधला. आखडलेला पाय सांभाळत, ज्या विहिरीचं पाणी त्याच्या आज्या-पणज्यांना वर्ज्य होतं, तिच्या तळाशी तो उतरला. हाडं होती, त्यांत कमरेचा चांदीचा करगोटा. त्यानं तो वर दाखवला. भामाबाईनं तो ओळखला, मग पदरानं कपाळ पुसलं.

सावळारामानं हाडं धोतरात गोळा केली. शेवटचा फासळ्यांचा सापळा उचलला, तर खाली आणखी कुणीतरी होतं. पालथं. अंगावर पाठीत फाटलेला सदरा, डोक्याला मुंडासं, आणि पाठीवरचं मांस सगळं जागच्या जागी.

"आनी कोन हाय रं तिथं?" वरून चिमाजीचा आवाज आला.

"मानूस हाय..."

"आपल्या गावातलं तर कुनी कमी न्हाई. आजूबाजूला बी कुनी हरवल्याचं ऐकलं न्हाई."

त्यात कुनीतरी हाय, हे सगुणेचं बोलणं सावळारामाला आठवलं. तोंड बघावं म्हणून त्यानं त्याच्या काखेत हात घातले.

अंग ऊन होतं.