आठनं गुणलं तर

असोद्याहून जळगावला निघालेली सकाळची एस.टी. कंडक्टरनं हातात तिकीट टेकवलं... १४२८५६. मी बी.एस्सी.ला शिकणारी, गणित विषय; आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. वाचला, आणि जीव हळहळला. एकानं हुकलं! पुढचं तिकीट शेजारी उभ्या असलेल्या तरुणानं घेतलं आणि न बघताच घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं.

"अहो... तुमचं तिकीट बदलून द्याल?"

"का? त्याच्यावर खिडकी मिळते?"

"फार गोड आकडा आहे तो, १४२८५७. दोननं गुणून बघा."

त्यानं तळहातावरच पेन चालवलं. बोटं ग्रीसनं काळवंडलेली, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याची. २८५७१४. मग तीननं... ४२८५७१.

"अरेच्चा! तेच सहा जण, नुसते जागा बदलून बसताहेत!"

"सहापर्यंत असंच. बाहेरचं कुणी येत नाही, घरातलं कुणी जात नाही."

"आणि सातनं?"

"सगळे नऊच नऊ. ९९९९९९."

"म्हणजे सातव्या पावलाला सगळंच भरून येतं म्हणा..." म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. तिकीट मात्र दिलं नाही. "रोज दाखवीन," म्हणाला.

दाखवलं. चार महिने, रोज. लीलाधर त्याचं नाव. तोंडानं बोलायचो ते आकड्यांचं. बाकीचं नुसतं बघून...

मग एकाच आठवड्यात त्याला धुळ्याला नोकरी लागली, आणि माझे वडील, नाना, मला म्हणाले, "रविवारी रावेरवाले तुले पाहाले येऊ ऱ्हायले, पोरी. केळीचा मोठा बाग आहे त्याहीचा."

लीलाधरला सांगितलं. तो तिकिटाची कड चाचपत राहिला. शुक्रवारी खोली बघायला म्हणून धुळ्याच्या गाडीत बसला. मी खिडकीखाली उभी. हा आज बोललाच नाही तर...

इंजिन धडधडलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. "आठनं कधी गुणलंय?"

"नाही. सातलाच थांबलो ना आपण."

"गुणा." खिडकीतून पेन आलं.

तळहातावर मांडलं. ११४२८५६. बघतच राहिले. माझ्याच तिकिटाचा आकडा, आणि त्याच्या दाराशी एक उभा. एकटाच.

"त्याला आत घेतलं... म्हणजे तुमच्या तिकिटात मिळवला तर..." लीलाधर अडखळला.

"तर तुमचं तिकीट होतं."

"मिळवाल?"

गाडी हलली. त्यानं हात बाहेर काढला. बोटांत तेच तिकीट, कडा मऊ पडलेलं. "घ्या. पहिल्या दिवशी मागितलं होतं तुम्ही."

मी गाडीबरोबर भराभर चालू लागले. "राहू द्या तुमच्याकडेच! उद्या असोद्याला या — नानांना दाखवायला!"

"उद्याच?"

"रविवारी रावेरवाले येताहेत हो!"

गाडी वळली तरी त्याचा हात बाहेरच होता.

संध्याकाळी नानांना म्हटलं, उद्या आपल्याकडे पाहुणे आहेत.

"कितीक जण?"

तळहातावरच्या आकड्यावर माझी मूठ अजून मिटलेलीच होती.

"एक."