गप्प बसलेला बझर

"आता तरी वाज की रे!" पक्कड तांब्यातल्या पाण्यात दोन्ही तारा बुडवून म्हणाला. झोपेतही त्याच्या हातात पक्कड असते, म्हणून हे नाव. बझर मात्र ढिम्म.

"बॅटरी उतरली असेल," ताई म्हणाली.

"तिसरी बॅटरी आहे ही, ताई."

सुट्टीत ताई, पक्कड आणि टिचकी ही तिघं भावंडं मावशीकडे आली होती. मावशी घरच्या घरी यंत्रं बनवणाऱ्यांच्या मासिकात सदर लिहायची. टाकी भरली की वाजणारा हा बझर तिचाच. तिच्या टेबलावर तो ठणाणा वाजत होता आणि तिचाच लेख समोर ठेवून केलेला यांचा मुका होता. सुटे भाग तेच, तारा त्याच. तिघांचं डोकं चालेनासं झालं.

त्यात सकाळी संपादकांचा फोन येऊन गेला होता. तीन अंकांतली तिची एकही वस्तू वाचकांकडे चालली नव्हती, तक्रारींचा ढीग पडला होता. या महिन्याच्या अंकात सदर बंद झाल्याचं छापणार होते, आणि अंक आज दुपारीच छपाईला जाणार होता.

"माझंच काहीतरी चुकतंय," मावशी म्हणाली. "बारा वर्षं लिहितेय. आता जमत नाही बहुतेक."

मावशी असं बोलते हे मुलांना मुळीच आवडलं नाही.

"मावशी, तू मासिकात बघून कधी बनवलंयस?" ताईने विचारलं.

"मी कशाला मासिकात बघू? वहीत आहे की सगळं."

धाकटी टिचकी मघापासून दोन्ही बझर आलटून पालटून बघत होती. "आपला सारखाच आहे, पण सारखा नाहीये," ती म्हणाली.

"वा! एवढं कळलं म्हणजे झालंच काम," पक्कड म्हणाला.

टिचकीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिने मासिकाचं पान खिडकीच्या काचेला उलटं लावलं. उजेडात आकृती मागून दिसली. अक्षरं उलटी झाली, पण आकृती हुबेहूब मावशीच्या टेबलावरच्या बझरसारखी. "छापलेली आकृतीच उलटी आहे!" ती ओरडली.

पक्कडने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बझरमधला ट्रान्झिस्टर उपटला; डावं-उजवं बदललं की चालत नाही तो हाच भाग. त्याचे तीन पाय उलट्या क्रमाने बसवून पुन्हा कथलाचा डाग देऊन जोडले. तारा पाण्यात गेल्या आणि बझर असा केकाटला की ताईने कान झाकले.

"पण मी तर आकृती सरळ काढून दिली होती!" मावशी आणखीच गोंधळली.

मग काय, मावशीला हाताला धरून तिघं मासिकाच्या कचेरीत धावली.

तिथे तीन महिन्यांपूर्वीच लागलेले नवे चित्रकार काका मान खाली घालून काम करत होते. सदर बंद होणार हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मावशीची पुढची आकृती घेतली, पातळ कागद पालथा केला आणि मागून शाई फिरवायला लागले.

"काका, उलटं का काढताय?" टिचकीने विचारलं.

"पेन्सिलीवर हात घासला की सगळं काळं होतं, बाळ. मागून आरपार दिसतंच की. अक्षरं मी नंतर सरळ चिकटवतो. आधी घड्याळाच्या जाहिराती करायचो, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती; गोल घड्याळ काय, दोन्हीकडून सारखंच दिसतं."

आवाज ऐकून बाहेर आलेल्या संपादकांनी काकांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, मग ते खुर्चीत बसले. "तीन महिने हे माझ्या नाकासमोर चाललं होतं," ते म्हणाले. "आणि मी एकही वस्तू बनवून पाहिली नाही."

"मीही पाहिली नाही," मावशी हळूच म्हणाली.

काकांचा चेहरा पार उतरला होता. मावशीनेच त्यांना पाणी दिलं.

"शाब्बास रे पोरांनो! आमच्यापेक्षा तुमची नजर पक्की," संपादक म्हणाले. सदर बंद झाल्याची चौकट त्यांनी फाडून टाकली. "या अंकात तुमचे फोटो छापतो. पहिल्याच पानावर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पक्कडला फोटो फार हवा होता, हे ताईला दिसत होतं.

"फोटो नको," तो म्हणाला. "त्या जागी छापा, की मावशीची आकृती बरोबर होती. मोठ्या अक्षरांत छापा."

मावशी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ तिने मागे वळून पाहिलं नाही.