मास्तरांना कुणी सांगितलंच नाही

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकून कुणी हसलं तरी हरकत नाही, कालुल्वे गावात हसणारे पुष्कळ आहेत. पण त्या शनिवारी भर दुपारी बोगद्याच्या दाराबाहेर जो माणूस उभा होता, त्याने जन्मभर लोकांना हसवण्याचंच काम केलं होतं. त्या दिवसापासून तो टेकडीच्या रस्त्याने जात नाही.

लुकुंडोही जात नाही. ती शिकवते त्या शाळेला तोच रस्ता जवळचा, पण ती बाजाराकडून वळसा घालते. त्या दुपारी आत जे बोललं गेलं ते पोचलं की नाही, हे दोघांनाही आजवर कळलेलं नाही.

गावाला शंभर वर्षं झाली, त्या ऑगस्टमधली ही गोष्ट. पण सांगायची तर आदल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून सांगावी लागेल. शेवटचा साधा दिवस तो.

गुरुवारी दुपारी मास्तर अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. मास्तर म्हणजे लुकुंडोचे बाबा, शाद्रेक कापेम्ब्वा. तांब्याच्या खाणीत नवा माणूस लागला की त्याला आधी टेकडीतल्या शिकवणीच्या बोगद्यात नेत, आणि तिथं त्याला शिकवणारे हेच. लोखंडी पहारीने छत ठोकायचं आणि कान द्यायचा. टण् वाजलं तर दगड घट्ट. ठप्प वाजलं तर आत पोकळ, मग पुढे पाऊल टाकायचं नाही. "डोळ्यांना काय कळतंय? छताला विचारा," असं ते सांगत. खाण बंद पडली तरी गाव त्यांना मास्तरच म्हणायचं.

शताब्दीच्या उत्सवात तो बोगदा लोकांना दाखवायचा होता. दाखवणार मास्तर, दुसरं कोण? त्यांचे कामावरचे नारिंगी कपडे लुकुंडोने धुऊन दोरीवर टाकले होते.

कुंपणावरून बाबांचे जुने दोस्त जेरेकाका डोकावले.

"काय रे माकडखाऊ, जिवंत आहेस अजून?"

"तुझ्या घरातले उंदीर खाऊन संपल्याशिवाय मी कसला मरतोय!" बाबा म्हणाले. "लुकुंडो, याला पाणी दे. आणि पेला परत घे, न्गोनी आहे तो."

"तुला बोगद्यात नेणार म्हणे. तुझं थोबाड बघून छत खाली येईल."

"मग ये रडायला."

"रडायला? नाचायला येईन! तुझ्या खड्ड्यात आधी मी आडवा होईन आणि म्हणेन, ही जागा माझी, तू दुसरी बघ."

दोघं खो खो हसले. लुकुंडोही हसली. बाबा बेंबा, जेरेकाका न्गोनी, आणि या दोन जमातींचं नातंच असं. पूर्वी कधीतरी लढले, आता एकमेकांची टर उडवतात, आणि त्याचा राग मानायचा नसतो. बेंबाच्या घरात कुणी गेलं की न्गोनी भाऊ येतो. घरचे रडतात, तो सोंगं करतो. खड्ड्याच्या काठावर उभा राहून मेलेल्याला नावं ठेवतो. 'मेलास रे, मेलास!' म्हणून ओरडतो. घरच्यांच्या तोंडून तो शब्द निघत नाही. पण जाणाऱ्याच्या कानावर तो पडायला तर हवा.

जेवणं झाली. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुक्या माशांचं कालवण. बाबांनी ताट पुसून खाल्लं, खुर्ची सावलीत ओढली आणि डोळे मिटले. लुकुंडो नळावर भांडी घासायला गेली.

परत आली तेव्हा त्यांच्या गालावर माशी बसली होती.

ते तिला उडवत नव्हते.

दफन शनिवारी सकाळी झालं. उत्सवाच्या आठवड्याचा तो पहिलाच दिवस. राजधानीचे पाहुणे आदल्या रात्रीच उतरले होते, आणि उत्सव समितीच्या कासोंडे साहेबांनी ठरवलं होतं की मास्तरांचा निरोप थाटात व्हायचा.

जेरेकाका आले ते बायकोचा घागरा नेसून, डोक्यावर हेल्मेटसारखं पातेलं घालून, खांद्यावर काठीची पहार घेऊन. चाल हुबेहूब मास्तरांची. मागच्या बायकांना रडता रडता हसू फुटलं.

कासोंडे साहेब आडवे आले. "जेरे, आज नको. पाहुणे आहेत, कॅमेरे आहेत."

"साहेब, हे माझं काम आहे."

"काढ ते पातेलं," लुकुंडोची आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्या भावाची शोभा करू नकोस. एक दिवस माणसासारखा उभा राहा."

जेरेकाकांनी लुकुंडोकडे पाहिलं. ती पायाजवळच्या मातीकडे बघत होती. त्यांनी पातेलं काढलं, ते पोटाशी धरलं आणि गप्प उभे राहिले.

भाषणं झाली. "मास्तर कुठेही गेलेले नाहीत," कासोंडे साहेब माइकवर म्हणाले. "ते इथंच आहेत, आपल्यात आहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना जेरेकाका लुकुंडोच्या शेजारून चालत होते.

"त्याला कुणी सांगितलंच नाही गं, पोरी," ते म्हणाले. "उलट इथंच आहेस म्हणून सांगितलं."

 लुकुंडो शिकलेली, कपाटभर पुस्तकं वाचलेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. फक्त एक होतं. बाबांना फोन आला की ती तो आत्याच्या हातात देई. दारात कुणी विचारलं तर म्हणे, "बाबा आता घरी नसतात." तो दुसरा शब्द तिने एकदाही उच्चारला नव्हता.

सोमवारी दुपारी ती वह्या तपासत होती. मैदानावर दोरीखेचीचा आरडाओरडा चालला होता.

स्वयंपाकघराच्या पायरीवर आवाज झाला... थप. थप.

गमबुटांची माती झटकल्याचा.

ती उठून गेली. पायरीवर कुणी नव्हतं. लाल मातीचं एक ढेकूळ होतं, ओलसर, टाचेच्या आकाराचं. कालुल्वेत ऑगस्ट कोरडा असतो, ओली माती कुठेच नसते.

बोगद्यात असते.

बुधवारी दोरीवरचे नारिंगी कपडे नव्हते... ते काढायचं धैर्य तिला झालं नव्हतं, म्हणून ते तिथंच राहिले होते. आता नुसते चिमटे उरले होते.

"उत्सवाची गर्दी. नेले असतील कुणी," आत्या म्हणाली.

गुरुवारी शेजारची म्वेन्याबाई कुंपणाशी आली. "काय गं, मास्तर पुन्हा कामावर जायला लागले का? सकाळी टेकडीकडे निघालेले दिसले. मी हाक मारली तर..."

मग तिला आठवलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि घरात गेली. दिवसभर तिचं दार उघडलं नाही.

शनिवारी उत्सवाचा शेवटचा दिवस. दुपारी बोगदा दाखवायचं काम जेरेकाकांकडे आलं. एके काळी तेही मास्तरांचेच विद्यार्थी. लुकुंडोला जायचं नव्हतं. पण तिच्या शाळेतल्या शिक्षिका म्हणाल्या, मास्तरांची मुलगी नसेल तर आम्हीही जाणार नाही. ती शेवटच्या घोळक्याबरोबर गेली. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, पायाखाली ओली लाल माती. जेरेकाका पुढे होते.

"हे बघा, इथं मास्तरने मला पहिली शिवी दिली. आणि इथं दुसरी!"

बायका हसत होत्या.

बोगदा जिथं संपतो तिथल्या दगडावर खडूची अक्षरं होती. बाबांची. छताला विचारा. लुकुंडो त्यांच्यासमोर उभी राहिली. थोडाच वेळ. निदान तिला तसं वाटलं.

वळली तेव्हा घोळका दाराकडे परत गेला होता. आवाज दूर पोचले होते.

मग लोखंडी दार आपटलं.

"अहो, थांबा! मी आत आहे!"

बाहेर बँड वाजायला लागला. ढोल, पिपाण्या, शिट्ट्या. तिची हाक तिच्याच अंगावर परत आली. ती भराभर चालत वळणावरून पुढे आली. समोर लांबवर दार दिसलं, गजांमधून येणारा उजेड दिसला. सरळ वाट होती. चालत जायचं आणि कुणी येईपर्यंत दाराशी उभं राहायचं, इतकंच.

तेव्हा ते वाजलं...

टण्.

तिला वाटलं, जेरेकाका गंमत करताहेत.

टण्. जरा जवळ.

दिव्याच्या उजेडात बोगदा रिकामा होता. भिंत, छत, माती. आणि मातीत, बायकांच्या चपलांच्या ठशांवर उमटलेले, गमबुटांचे ठसे. गमबुटांचे सगळे आत येणारे.

बाहेर जाणारा एकही नाही.

ती पुढे निघाली. डोक्याच्या अगदी वर...

ठप्प.

तिचे पाय आपोआप थांबले. लहानपणी बाबांनी स्वयंपाकघराची भिंत ठोकून तिला हे शिकवलं होतं. ठप्प म्हणजे थांब. छतातून चिमूटभर माती तिच्या खांद्यावर पडली. ती एक पाऊल मागे सरली.

ठप्प.

मागेही.

डावीकडे. ठप्प. उजवीकडे. ठप्प.

चटईएवढी जागा उरली होती, आणि ती त्या जागेत उभी होती. दार समोर दिसत होतं. पण पाय उचलला की तो आवाज यायचा, न रागावता, न घाई करता. नव्या पोराला समजावताना ते जसे शांत असत तसाच. तिच्या लक्षात आलं. हे भिववणं नव्हतं. ही शिकवणी चालली होती. शिकवणी संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि तिथं ती संपवणारं कुणी नव्हतं.

बँड थांबला.

"लुकुंडो? पोरी, आत आहेस का तू?" दाराशी जेरेकाका.

"काका! दार उघडा!"

"किल्ली रखवालदाराकडे, आणि तो गेलाय मैदानावर जेवायला. माणूस धाडलाय. त्या मूर्खाला फोन करून विचारलं, बाई आत असताना दार का लावलंस? तर म्हणे, दाराशी उभ्या मास्तरने हात केला, सगळे आले म्हणून. मी म्हटलं, कसला मास्तर? मी तर सगळ्यांच्या पुढे होतो! तर म्हणतो, ते हो... नारिंगी कपड्यांतले..."

जेरेकाकांचा आवाज तिथंच तुटला.

टण्. या वेळी त्या दोघांच्या बरोबर मध्ये.

"काका, तुम्हीच ठोकलंत ना?"

"माझ्या हातात काहीच नाही, पोरी."

 मग जेरेकाकांनी घसा खाकरला. खड्ड्याच्या काठावर जे करायचं राहिलं होतं ते त्यांनी आता सुरू केलं. दोन्ही हातांनी गज धरून ते ओरडले.

"अरे ए माकडखाऊ! मेलास रे, मेलास! बरं झालं! जेवलास आणि मेलास, हात धुवायलाही थांबला नाहीस! जा आता, तिकडच्या माकडांना पळायला लाव!"

अंधारात कुणीतरी हसलं...

आधी नाकातून, मग पोटातून. लुकुंडोने ते हसू जन्मभर ऐकलं होतं. रोज, अंगणातून, अशाच बोलण्यावर.

आणि हसू थांबल्यावर काम पुन्हा सुरू झालं. टण्. टण्. ठप्प.

जेरेकाका गजांना कपाळ लावून रडत होते.

"नाही गं होत. त्याला वाटतंय, मी रोजच्यासारखी चेष्टा करतोय. खड्ड्यापाशी बोललो असतो तर त्याला कळलं असतं. इथं नाही कळत." त्यांनी नाक ओढलं. "आता तूच सांग. तुझ्याशी तो कधी अशी थट्टा करत नव्हता. तू सांगितलंस तर खरं मानेल."

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे."

तिच्या दिव्याचा उजेड पिवळा पडत चालला होता. छतातून पुन्हा माती गळली, केसांत, पापण्यांवर. ठप्प. ठप्प. आता पाय उचललेला नसतानाही. जागा आणखी लहान झाली होती.

तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. शब्द बाहेर पडला की मग ते असणारच नव्हते, पायरीवरही नाही, दगडाच्या आवाजातही नाही. थोडा वेळ तिला वाटलं, असंच उभं राहावं. ते शिकवताहेत, आपण शिकावं.

मग तिला अंगणातली खुर्ची आठवली नाही की काही नाही. फक्त त्या अंधारात एकट्याने किती दिवस ठोकत असतील ते, हे तिच्या मनात आलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मेलात."

ठोकणं थांबलं.

बाहेर कुठेतरी मुलं ओरडत होती. आत काहीच नव्हतं. आणि मग, हाताच्या अंतरावरून, नुकतं झोपेतून उठलेल्या माणसाच्या आवाजात...

"कधी?"

जेरेकाकांनी गज सोडले आणि ते मागे जाऊन पडले. लुकुंडो हलली नाही. वर्गात एखाद्या मुलाने विचारल्यावर द्यावं तसं तिने सरळ उत्तर दिलं.

"गेल्या आठवड्यात गुरुवारी. जेवल्यावर. तुम्हाला दुखलं नसावं, तुम्ही झोपेत होतात. शनिवारी आम्ही तुम्हाला पुरलं, बाबा. माती मी माझ्या हाताने लोटली. आता कामावर यायचं नाही."

त्यानंतर किल्ली येऊन दार उघडेपर्यंत बोगद्यात ना टण् वाजलं, ना ठप्प.