निळाईला हाक

बसा हो, खुर्ची ओढा. गोष्ट सांगतो, पण मध्ये उठायचं नाही. शेवटी तुमच्याकडेच काम आहे.

आपल्या बंदरात ते सागरशाळा केंद्र आलं, तेव्हाच जयवंत तांडेलाला वास आला होता. शाळेच्या पोरांना निळा देवमासा दाखवणार, तोही फुकट! खर्च कुठल्याशा शीतबोटींच्या कंपनीचा. "मासे गोठवणाऱ्यांना पोरांचा पुळका कसा आला?" तो विचारायचा. पण होडी त्याचीच लावलेली, आणि नात किमया रोज होडीच्या टोकाला बसलेली.

केंद्राच्या डॉक्टर वर्देबाई पोरांना समजावायच्या. "एवढा मोठा जीव, पण दात नाहीत. तोंडात झालर असते, तिच्यातून पाणी गाळून बारके जीव खातो. आवाज इतका खोल, की आपल्या कानाला लागतच नाही."

म्हणून स्वरमंदक यंत्र होतं. पोराची हाक ताणून, जाड करून पाण्यात सोडायचं, आणि पाण्यातला आवाज आवळून आपल्याला ऐकवायचं. किमयाने "निळाई, ये गो!" म्हटलं, की दोन निळ्या पाठी वर यायच्या.

"आजो, माझ्याच हाकेक येतत!"

दिवाळीनंतर एकच यायला लागली.

मग एका सकाळी होडी धक्क्यालाच होती. यंत्राचा कान पाण्यात सोडलेला. किमया शेजारी शेंगदाणे खात उभी. आणि यंत्रातून, लांब बाहेरच्या समुद्रातून, तिचाच आवाज आला. "निळाई, ये गो!"

पोरीचं तोंड चावता चावता थांबलं.

"कंपनीने सगळ्या पोरांचे आवाज भरून नेलेत," यंत्र सांभाळणारा फर्नांडिस म्हणाला. "जतन करायला, म्हणाले."

"माशाला शब्द कळतात?" जयवंतने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तिला एवढंच कळतं, या आवाजामागे धोका नसतो. आपणच शिकवलं. आता तो कुणीही वाजवला तरी ती जाणार. दुसरी तशीच गेली असणार."

"शाब्बास! म्हणजे पोरांच्या नावाखाली माशाला माणसाळवत होतो आपण, शिकाऱ्यासाठी!"

तक्रार केली. कंपनीची बोट देशाच्या हद्दीबाहेर, कोण विचारतो?

"मग तिला सांगा, जाऊ नको म्हणून."

"सांगता येत नाही, तांडेल. शिकवलं तसंच मोडावं लागेल. तीच हाक, आणि मागोमाग त्रास."

त्रास म्हणजे काय, ते आम्हा कोळ्यांना सांगायला नको. होडी बडवूनच मासे जाळ्यात हाकलतो आपण. इथे जाळ्यापासून हाकलायचं, एवढाच फरक.

किमयाने हाक मारली. निळाई आली, नेहमीसारखी कुशीवर वळली, एक डोळा वर करून बघत राहिली. आणि जयवंतने वल्ह्याने होडी बडवायला घेतली. फर्नांडिसने तो दणका यंत्रातून दसपट करून सोडला. असं बरेच दिवस केलं. शेवटी हाक ऐकली की ती लांबूनच शेपूट फिरवून खोल जायला लागली.

"ती माका वायट समजतली," पोरगी हुंदके देत म्हणाली.

"समजू दे, बाय. जिती राहून समजू दे."

वाटलं, सुटलो. पण काल यंत्रातून परत हाक आली. किमयाची नव्हे. तुमच्या विहंगची; तोही शाळेच्या पोरांबरोबर होडीवर हाका मारायला यायचा ना. त्याच्या आवाजाला निळाई अजून भीत नाही हो.

उद्या उजाडताच त्याला धक्क्यावर पाठवा. सोबत जाड बुडाचं पातेलं आणि पळी द्या. आणि कशासाठी, ते तेवढं घरीच सांगून पाठवा.