दहावर थांबलेला आकडा

आक्कांचा चेहरा पाटीसारखा निळा-करडा पडला होता.

"सुनेनंच विष घातलंय मला. सिद्ध करा, आजच घराबाहेर काढते तिला," त्यांनी गुप्तहेर काकूंना गाठून सांगितलं.

काकू आपल्या नवऱ्याला, काकांना, घेऊन आक्कांच्या घरी गेल्या.

आक्का सगळ्या दुखण्यांवर औषध म्हणून रोज घरी केलेलं चांदीचं पाणी पीत. शुद्ध पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, बॅटरी जोडायची आणि चांदी किती उतरली ते, पाण्यात विरघळलेलं सगळं मोजणाऱ्या पेनाएवढ्या मीटरवर बघायचं.

"दहा आकडा आला की तारा काढते," सून म्हणाली. "पूर्वी चहा होईतो यायचा. हल्ली सगळा स्वयंपाक उरकला तरी येत नाही."

काकूंनी मीटर नळाच्या पाण्यात बुडवला. तोटीवर क्षारांचा जाड पांढरा थर होता. आकडा आला बारा.

"वा, पाणी काय शुद्ध आहे हो!" काका म्हणाले.

काकूंनी मीटरच्या मागचं झाकण उघडलं, सेल काढले, भिंगातून आत पाहिलं.

"मीटर बिघडलाय?" त्यांनी घरातल्यांना एकेक करून विचारलं.

"सेल बदला की," मुलगा म्हणाला.

घड्याळं दुरुस्त करणारी आक्कांची मुलगी नुकतीच दुकानातून आली होती. "मी त्याला कधी हातही लावला नाही. आतला स्क्रू काय, कुणीही पिळेल."

काकूंनी सगळ्यांना समोर बसवलं.

"अहो, एवढा क्षार धरणाऱ्या पाण्याचा आकडा शेकड्यांत हवा. मीटर कितीतरी पट कमी दाखवतोय. त्यावर दहा येईतो पाण्यात चांदी भरमसाट उतरायची. तीच कातडीत साठली."

"म्हणजे सूनच!" आक्का ओरडल्या.

"तिनं केलं असतं, तर वेळ लागतो हे आपणहून सांगितलं असतं? आकडा जुळवायचा स्क्रू सेलच्या मागे दडलाय, त्यावर ताजा ओरखडा आहे. मी त्याचं नावही काढलं नव्हतं. ज्या मीटरला कधी हात लावला नाही, त्यातला स्क्रू तुम्हाला कसा ठाऊक, ताई?"

मुलीनं आईकडे बोट दाखवलं.

"मीच पिळला. माझं लग्न ठरलं होतं. ही त्या मुलाच्या आईला सांगून आली, पोर काळी, नातवंडंही तशीच निघतील. का, तर मी गेल्यावर हिचे पाय कोण चेपणार! आता बघ म्हणावं आरशात."

"हा रंग जाईल ना?" आक्कांनी कसंबसं विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

आक्कांनी फोन उचलला. "पोलिसांनाच बोलावते!"

"बोलाव ना," मुलगी म्हणाली. "कोर्टात साक्षीला तुलाच यावं लागेल. भर उजेडात, सगळ्यांसमोर."

आक्कांच्या हातून फोन गळून पडला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

फोन काकूंनीच लावला.