उपडा गिलास

मुकुटबनच्या बसथांब्याकडून बौद्ध वस्तीत शिरलं की उजव्या हाताला विहाराचं निळं फाटक लागतं. आत मूर्तीच्या डाव्या बाजूला एक पत्र्याचं कपाट आहे. त्यात वंदनेची पुस्तकं, घडी घातलेल्या सतरंज्या आणि खाकी पुठ्ठ्याची एक जाड वही. वस्तीत कोणी गेलं की त्या माणसाचं एक पान या वहीत लिहायचं, आणि अश्विन पौर्णिमेच्या दुपारी, वर्षावास संपतो तेव्हा, वर्षभरातली पानं सगळ्यांपुढे वाचायची, ही इथली रीत.

गेली अकरा वर्षं ही पानं साधनाताई लिहीत होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, वय बासष्ट. बोलणं इतकं हळू, की ऐकणाऱ्याला जरा पुढं सरकून बसावं लागे. पहाटे अंघोळ, वंदना, पंचशील, आणि मगच चहा. ताप असो की पाहुणे असोत, यात खंड नाही. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, त्यांनी वहीलाही लावून दिलं होतं.

"ताई, आमचे बुढे कधी दारूले शिवले नाही, असं लिहा नं," एखादी सून म्हणायची.

"मी दारूचं नावच काढत नाही, बाई. मंग शिवले का नाही, हा सवालच नाही."

गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन झालं, की दुसऱ्या दिवशी दुपारी त्या त्याच्या घरी जात. पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. दिलेलं पाणी पीत आणि तीनच प्रश्न विचारत. या माणसानं हातानं काय काम केलं? कशाला हसत होता? आणि काय राहून गेलं? तिसऱ्या प्रश्नाला घर गप्प होई. मग कोणीतरी सांगे, आणि पान पुरं होई.

वही त्यांच्या हाती देताना जुन्या गुरुजींनी एकच अट घातली होती. जिवंत माणसाचं पान लिहायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, ताईंनीही विचारलं नाही.

ती अट यंदा वैशाखात एकदा मोडली. यवतमाळच्या डॉक्टरांनी कौसल्याबाईंना आता घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्यांचा भाचा अश्वजित, बसथांब्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान, ताईंच्या मागेच लागला. ताईंनाही तो मावशीच म्हणे. "मावशी, मजकूर आधी भेटला तर श्रद्धांजलीचं बॅनर चांगलं होते. घाईत चुका होतात." ताई नको नको म्हणत गेल्या. कौसल्याबाई खाटेवर पडून होत्या, पण शुद्धीवर. तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतः दिली, हसत हसत. जन्मभर कापूस वेचला. नवरा सायकलवरून पडला, की हसू आवरत नसे. आणि राहून काय गेलं? "नागपूरले धा वेळा गेली, पन टरकातच. रेल्वेत नाही बसली."

ताईंना त्या दिवशी पाणी गिळवलं नाही. उरलेलं अंगणात ओतून त्यांनी गिलास उपडा ठेवला, माशा बसू नयेत म्हणून. कौसल्याबाईंनी पडल्या पडल्या हात लांबवला आणि तो सरळ केला.

नवव्या दिवशी त्या गेल्या. बॅनरवरचा मजकूर वाचून सगळी वस्ती रडली. ताईंनी ते मनातून काढून टाकलं.

श्रावणात उकंडा गेला. विहिरी खोदणारा, पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. ताई रीतीप्रमाणे त्याच्या घरी गेल्या. त्याच्या मुलानं, संघर्षनं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ताईंनी वही उघडली तसा तो बुचकळ्यात पडला.

"ताई, आता कायले? तुमी तर बाबाजवळून सारं लिहून नेलं."

"मी? कधी?"

"जायच्या आधी. आठ-नऊ दिस झाले असतीन. दुपारी आलत्या तुमी. इथंच ओट्यावर बसल्या. मी सोयाबीनचं औषध घेऊन निघालो होतो." त्यानं ओट्याकडं पाहिलं. "बाबानं त्या दिवशी सुरुंगाची गोष्ट सांगतली. जोडीदार दबून मेला होता, त्याच्या मायले बाबा कधी तोंड दाखवाले गेला नाही. आमाले बी ठाव नव्हतं, ताई. तुमी विचारलं, काय राहून गेलं, तवा बोलला."

ताईंनी वही मिटली. पोराचं मन ठिकाणावर नसेल. बाप जाऊन तीन दिवस झालेत, तारखा सरमिसळ होतात. पण सुरुंगाची गोष्ट सरमिसळ कशी होईल?

"मी पाणी पेली होती का रे?" त्यांनी विचारलं. का विचारलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"नाही नं. गिलास तसाच उबडा ठेवून गेल्या. भरलेला. बाबानं उचलला, तं सारं पाणी फरशीवर."

घरी येताना त्या वाटेभर हिशेब करीत आल्या. कोणीतरी आपलं नाव घेऊन फिरतंय. कोण, आणि कशासाठी? पांढरं लुगडं काय, बाजारात मिळतं. पिशवीही मिळते. मेलेल्यांच्या घरातून काय मिळवायचं असतं कोणाला? पण हे घर तेव्हा मेलेल्याचं नव्हतंच, इथं त्या दर वेळी अडत.

भाद्रपदात हंसाबाई गेल्या. वस्तीतली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. साधनाताई त्यांच्या घरी पोचल्या तेव्हा सून प्रियंका दारातच उभी राहिली. एक हात चौकटीवर, आडवा.

"ताई, जयभीम. आमच्या घरी आता विचाराले कोनी नाही राह्यलं. सासूबाईच होत्या."

"तुझं काय चुकलं, बाई? मी..."

"माहं काई नाही चुकलं. तुमी आल्या त्या दुपारपासून मी दिस मोजत होती. संघर्षभाऊनं सांगतलं होतं मले. नववा दिस आला, अन् सासूबाई बसल्या जागी गेल्या." तिचा आवाज चढला नाही, उलट ताईंसारखाच खाली आला. "तुमच्यावर राग नाही माहा. पन घरात माही पोरगी हाय, ताई. तुमी आत येऊ नका."

"गिलास?"

प्रियंकानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "उबडा. सासूबाईनंच उचलला. मी धावेपर्यंत उचलला होता."

ताई सरळ अश्वजितच्या दुकानी गेल्या. संशय कोणावर घ्यावा तर त्याच्यावरच घेता येत होता. मजकूर आधी लागतो तो त्याला. छपाईयंत्रातून एका उमेदवाराचा चेहरा इंच इंच बाहेर येत होता. शाईचा उग्र वास होता.

"अश्वजित, खरं सांग. कोन्या बाईले पाठवून राह्यला तू घरोघरी?"

"मावशी, मस्करी करून राह्यल्या का? मी कायले पाठवू? हंसाबाईचं पान तुमीच देऊन गेल्या नं." त्यानं खण ओढला. "हे घ्या. अक्षर तरी वळखता का सोताचं?"

कागद आखीव होता. अक्षर त्यांचंच होतं, 'ळ' ची ती लांब शेपटीसुद्धा. हातानं काय केलं, कशाला हसत होत्या, काय राहून गेलं. धाकट्या बहिणीशी अबोला सुटला नाही, हे त्यात होतं. एक शब्द खोटा नव्हता. ताईंनी लिहिलं असतं, तर असंच लिहिलं असतं.

वर तारीख होती. हंसाबाई जाण्याच्या नऊ दिवस आधीची. आणि पहिलीच ओळ होती, 'हंसाबाई हसऱ्या होत्या.'

होत्या.

"तू वाचलं नाही का हे, पान हाती आलं तवा?"

"मी फक्त फोटोची जागा पाहतो, मावशी," अश्वजित म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

घरी येऊन त्यांनी वही दिव्याखाली धरली आणि पानं मोजली. आकडे त्यांनीच घातलेले होते. एकही पान फाटलेलं नव्हतं. मग त्यांनी नवऱ्याला तारीख सांगितली.

पंजाबराव एसटीत चालक होते. हिशेबी माणूस, चष्म्याच्या घरातसुद्धा जुनी तिकिटं ठेवणारा. "त्या दिवशी? अवं, त्या दिवशी तं आपन पांढरकवड्याले होतो नं. माह्या दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीले. दिवसभर तू माह्यासंगं. हे पाहा दवाखान्याची चिठ्ठी."

चिठ्ठीवर तीच तारीख होती. ताईंना हायसं वाटलं. क्षणभरच.

"झोपेत तं नाही नं फिरत मी, कधी दुपारची?"

"तू? तू दुपारी घोरते. शेजारच्यायले बी ठाव हाय." ते हसले. मग बायकोचा चेहरा पाहून त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "साधना, लोकं काही बी बोलतात. तू कायले मनावर घेते?"

लोक बोलत नव्हते, हेच खरं होतं. ताई दिसल्या की ओट्यावरच्या बायका उठून आत जात. जयभीम होई, पण घरात या असं कोणी म्हणत नसे. संध्याकाळच्या ग्रंथवाचनाला त्यांच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली. एकदा नळावर एका बाईनं त्यांना पाहून आपला भरलेला गडवा पदराखाली घेतला. ताईंनी कोणाला दोष दिला नाही. पहाटे वंदना म्हणताना आपला आवाज नीट ऐकू लागल्या मात्र. आणखी एखादा आवाज त्यात मिसळतोय का, म्हणून.

पौर्णिमेला नऊ दिवस राहिले, त्या दिवशी त्यांनी ठरवलं. जेवणं आटोपून भर उन्हात त्या विहारात गेल्या. रस्त्यावर सोयाबीनचा भुसा उडत होता, गिट्टीचे ट्रक जात होते. वहीला लाल फडकं गुंडाळलं, कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि मूर्तीपुढं बसल्या. यापुढं एकही पान लिहिणार नाही. पौर्णिमेला सगळ्यांसमोर कौसल्याबाईंच्या पानाची चूक कबूल करायची, आणि किल्ली परत द्यायची. आपण लिहिणं थांबवलं तर ती दुसरीही थांबेल. एवढं एकच मागणं त्यांनी मनात धरलं. निदान आता तिनं कोणाच्या दारी जाऊ नये.

तीनच्या सुमाराला त्या घराकडं वळल्या. कडुनिंबाची सावली ओट्यावर आली होती. पंजाबराव खुर्चीत बसले होते. बायकोला फाटकातून येताना पाहून त्यांनी मागं वळून दाराकडं पाहिलं, मग पुन्हा बायकोकडं.

"मागच्या दारानं गेलती का तू?"

"मी विहारातून येऊन राह्यली. दीड घंटा झाला."

"नाही बा." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आत्ता इथं बसली होती नं तू. माह्यासमोर."

ताई पायरीवरच थांबल्या. फरशीवर, खुर्चीपासून हातभर अंतरावर, स्टीलचा गिलास उपडा होता.

"काय विचारलं मी तुम्हाले?"

"नवलच विचारलं. मी म्हटलं, आज हे काय खूळ काढलं."

"तुमच्याबद्दल विचारलं?"

"माह्याबद्दल कायले? तुह्याबद्दल." पंजाबरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हातानं काय काम केलं साधनानं, म्हने. मी सांगतलं, तीन पिढ्यायच्या लेकरायले खिचडी खाऊ घातली. कशाले हसते? म्हटलं, मी ब्रेक दाबतो तसा पाय दाबून झोपतो, त्याले हसते. बराबर हाय नं?"

"बराबर हाय." ताईंचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. "मंग?"

"मंग राहून काय गेलं, म्हने."

गल्लीत कोणी नव्हतं. दूर कुठंतरी थ्रेशर चालू होता, तोही बंद पडला.

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, तिनं साऱ्या वस्तीचं लिहिलं. तिचं पान लिहाले कोनी नाही, हे राहून जाईन." पंजाबरावांनी बायकोकडं पाहिलं. "तं तू म्हनली, मी लिहून राह्यली नं."

ताईंनी दाराकडं पाहिलं. पडदा हलत नव्हता. चपलांच्या जागी एकच जोड होता, पंजाबरावांचा. आणि आता हे नऊ दिवस कोणाचे, ते त्यांना कळेना. सांगणारा एक होता, पान दुसऱ्याचं होतं. आजवर प्रत्येक घरी ती दोन माणसं एकच होती.

"काय मोठं तोंड केलं? जा, पाय धू," पंजाबराव म्हणाले आणि खुर्चीतून वाकले. "हा गिलास मी आत नेतो."

"राहू द्या."

इतक्या मोठ्यानं त्या उभ्या जन्मात बोलल्या नव्हत्या. पंजाबरावांचा हात हवेतच राहिला.

साधनाताई ओट्यावर चढल्या. लुगड्याचा घोळ सावरून नवऱ्याच्या आणि गिलासाच्या मधे बसल्या. डोळे मिटून तीनदा त्रिसरण म्हटलं, रोज म्हणत तसंच, घाई न करता. आवाज एकच होता.

मग त्यांनी गिलास उचलला.

पाणी फरशीवर पसरलं, त्यांच्या मांडीखालून पायरीपर्यंत गेलं. थंडगार होतं, आत्ता माठातून काढल्यासारखं. पंजाबरावांच्या पायापर्यंत मात्र ते पोचलं नाही.

त्यांनी गिलास सरळ ठेवला.

"साधना," पंजाबराव म्हणाले, "हे तुही नाही का? खुर्चीखाली पडली दिसते."

त्यांच्या तळहातावर विहाराच्या कपाटाची किल्ली होती. साधनाताईंनी कनवटीला हात लावला. त्यांची किल्ली तिथंच होती.